वीतभर बाहेर

परभणी जिल्ह्यात बेसबॉल खेळतात, असं मी सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या तोंडाकडे बघतो, मग पायातल्या बुटांकडे बघतो आणि विचारतो, "म्हणजे क्रिकेटसारखंच ना?" नोकरीच्या सुरुवातीला मी रस्त्यातच थांबून काठीने मातीत मैदान काढून दाखवायची. शेवटी शेवटी "हो, तसंच" म्हणून मोकळी व्हायला लागले.

जिंतूर तालुक्यातल्या एका शाळेत मी खेळाची शिक्षिका होते. पोरांच्या भाषेत 'पीटीच्या मॅडम'. माहेर ताडकळसचं. तिथल्या विहाराच्या अंगणात लेझीम शिकले आणि त्या लेझीमने मला नोकरीपर्यंत आणलं. बेसबॉल नंतर आला, एका शिबिरातून, दोन बॅटी आणि पाच चेंडूंसह. त्यातले दोन चेंडू पहिल्याच आठवड्यात शेजारच्या कापसात हरवले.

शाळेच्या कामाशिवाय माझ्याकडे आणखी एक काम होतं. जिल्ह्यातल्या होतकरू खेळाडूंचं मूल्यमापन करायचं. दर तीन महिन्यांनी मुलगा किंवा मुलगी मैदानावर उभी करायची, बघायचं आणि वहीत लिहायचं. वेग, नियंत्रण, पायांची हालचाल आणि शेवटी शेरा. ऐकायला सोपं वाटतं. पण आज कोण चांगला खेळतो हे चहावालाही सांगतो. आमचं काम पोरगं तीन वर्षांनी कसं असेल ते आज ओळखण्याचं. म्हणून आम्ही खेळ कमी आणि बाकीचंच जास्त बघतो. चेंडू वाया गेल्यावर पोरगं मातीला लाथ मारतं की पुन्हा जागेवर जातं? घरी दूध मिळतं का? आई-बापाची उंची किती? एका सरपंचांना मी हा उंचीचा प्रश्न विचारला, तेव्हा ते दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते.

गिऱ्हाइकंही नमुनेदार यायची. एक ठेकेदार मुलाला घेऊन आले आणि म्हणाले, "मॅडम, ह्या खेळात गर्दी कमी हाय म्हणं. पोराला सर्टिफिकीट मिळंल का? नोकरीला लागतंय."

मी म्हटलं, "खेळायला येईल का तो?"

"त्ये बघू की नंतर."

पोरगं बिचारं मागे उभं राहून समोसा खात होतं. मी त्याच्या शेऱ्यात 'भूक उत्तम' असं लिहायचं मोठ्या कष्टाने टाळलं.

हसण्यासारखं पुष्कळ होतं, पण एक गोष्ट सलते. वालूरचा वसीम बाराव्या वर्षी असा चेंडू टाकायचा की झेलणाऱ्याच्या हाताला झिणझिण्या यायच्या. मी वहीत 'असामान्य' लिहिलं आणि तो शब्द त्याच्या वडिलांना वाचूनही दाखवला. झालं. वडील त्याला रोज सकाळ-संध्याकाळ फेकायला लावू लागले. रोज एवढं फेकलं की कोवळा कोपर बिघडतो, हे मला माहीत होतं. कौतुकाच्या भरात मी गप्प बसले. दोन वर्षांत त्याचा कोपर सरळ होईना. आता तो वालूरमध्येच टायर दुरुस्तीचं दुकान चालवतो आणि मला भेटला की चहा पाजल्याशिवाय सोडत नाही. त्याचा कोपर गेला तेव्हापासून मी कौतुक हात राखून लिहायला लागले आणि तोच हात राखण्याचा स्वभाव पुढे रेणुकाच्या बाबतीत नडला.

रेणुका आठवीत आमच्या शाळेत आली. गावाबाहेरच्या वाडीवर राहणारी, मेंढपाळाची मुलगी. शाळेला एसटीने यायची आणि सुट्टीच्या दिवशी वडिलांबरोबर मेंढरांमागे जायची. एकदा सरावाचा चेंडू कुंपणाबाहेर गेला. ती बसची वाट बघत तिथेच उभी होती. तिने चेंडू उचलून परत टाकला. तो चेंडू सगळं मैदान ओलांडून आमच्या पाण्याच्या हंड्याशेजारी येऊन पडला. मी शिट्टी तोंडात धरून नुसती उभी राहिले. इतका लांब चेंडू आमच्या मोठ्या मुलांपैकीही कोणी टाकत नव्हतं.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. चेंडू टाकणारा तो पिचर. त्याच्यापासून सुमारे अठरा मीटरवर जमिनीत एक पांढरी फळी बसवलेली असते, तिला प्लेट म्हणतात. प्लेटच्या एका बाजूला बॅट घेतलेला खेळाडू उभा असतो आणि मागे कॅचर, म्हणजे झेलणारा, उकिडवा बसतो. चेंडू प्लेटवरून, गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचीत गेला पाहिजे. बाहेरून गेला तर तो फुकट. असे चार फुकट गेले की बॅटवाला काही न करता पुढच्या टप्प्यावर चालत जातो. म्हणून पिचरचा वेग कितीही असो, नियंत्रण नसेल तर तो आपल्याच संघाला बुडवतो.

रेणुका बुडवायची. तिचा चेंडू सूं करून यायचा आणि बॅटच्या पलीकडच्या अंगाला, प्लेटच्या कडेपासून वीतभर बाहेरून जायचा. एक, दोन, तीन, चार. बॅटवाली पोरगी हसत चालत जायची. मग पुढची यायची. आमची कॅचर आरती बिचारी प्रत्येक चेंडूला बाजूला झेप घेऊन घेऊन दमून जायची.

मी काय नाही केलं? तिची चेंडूवरची बोटं बदलली, उभं राहणं बदललं, नवे बूट आणले. मोबाइलवर तिच्या कोपराचं चित्रण केलं, खांद्याचं केलं, पावलांचं केलं. नंतर वसीमच्या दुकानातून एक जुनं टायर आणलं. "मॅडम, पोरीला रोज फेकायला लावू नका," एवढंच तो म्हणाला आणि टायरचे पैसे घेतले नाहीत. ते टायर मी शाळेमागच्या कडुलिंबाला टांगलं आणि रेणुकाला त्यातून चेंडू टाकायला सांगितलं.

दहापैकी दहा आरपार गेले.

मी खूश झाले. दुसऱ्या दिवशी सामना होता. पुन्हा तेच, वीतभर बाहेर. मग माझ्यातली अनुभवी मॅडम जागी झाली आणि तिने निदान केलं. एकटी असली की अचूक, माणसं समोर आली की बिघडते, म्हणजे पोरगी घाबरते. मी वहीत लिहिलं, 'दडपण सोसत नाही. नियंत्रण दहापैकी चार.' हे चारही टायरमधल्या दहांची आठवण ठेवून दिले होते. पुढल्या प्रत्येक वेळीही तेच लिहिलं. दोन वर्षं मी तिला सांगत राहिले, "भिऊ नकोस." ती म्हणायची, "न्हाई भेत मॅडम." मी आणखी मायेने म्हणायची, "अगं, भिऊ नकोस."

एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर होती. आमच्या इतर पिचरांचे चेंडू अधूनमधून बॅटवाल्या मुलीच्या अंगावर बसायचे. कोणाच्या पोटरीवर, कोणाच्या खांद्यावर. रेणुकाचा चेंडू दोन वर्षांत एकदाही कोणाला लागला नाही. जिला नियंत्रण नाही तिचा चेंडू कधीच कोणाला लागत नाही, हे विचित्र आहे असं मला वाटायला हवं होतं. मला वाटलं, नशीब.

ती दहावीत गेली तेव्हा वरून पत्र आलं. क्रीडा वसतिगृहात मुलींच्या पिचरसाठी एक जागा होती. राहणं, जेवण, बारावीपर्यंतचं शिक्षण आणि रोजचा सराव, सगळं तिथेच. रेणुकाच्या वाडीवरून कॉलेजला जायचं तर कॉलेजच्या वेळेची गाडी तिथे थांबत नाही आणि वडिलांचा मुक्काम मेंढरांबरोबर हलता असतो. दहावीनंतर तिच्या शिक्षणाचं काय, तर काही नाही, हे ती सहज सांगायची. ही जागा मिळाली तरच पुढचं. आणि जागा ठरणार होती माझ्या वहीवर आणि एका चाचणीवर. वहीत चार गुण होते.

चाचणीआधी घरभेट करायची आमची रीत आहे. मी स्कूटीच्या डिकीत वही टाकली आणि वाडीवर गेले. सोयाबीन निघून गेलं होतं, शेजारी तूर उभी होती. रेणुकाचे वडील बापूराव मेंढरं घेऊन रिकाम्या रानात होते, रेणुका दुसऱ्या अंगाला. मी बांधावर बसून बापूरावांची उंची मनातल्या मनात मोजली. चांगली होती.

तेवढ्यात दोन मेंढ्या तुरीकडे पळाल्या. रेणुकाने पळत न जाता वाकून ढेकूळ उचललं आणि टाकलं. ते पहिल्या मेंढीच्या तोंडापुढे फुटलं. मेंढी जागच्या जागी वळली. दुसरं ढेकूळ दुसरीच्या तोंडापुढे. तीही वळली. थोड्या वेळाने एक बोकड निघाला. पुन्हा तेच. मी आता उभी राहून बघत होते. जनावर लहान असो, मोठं असो, जवळ असो, लांब असो, उभं असो की पळत असो, ढेकूळ त्याच्या तोंडापासून तेवढ्याच अंतरावर फुटत होतं.

मी विचारलं, "बापूराव, कधी लागत नाही का हो जनावराला?"

ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी काहीतरी अभद्र बोलले. "लागून कसं चालंल मॅडम? दगुड जिवावर न्हाई टाकायचा, जिवाच्या म्होरं टाकायचा. गाभण मेंढी असली तर गाभ जातंय. डोळा गेला तर मुकं जनावर कुणाला सांगंल?"

"आणि लांब पडला तर?"

"लांब पडला तर ते कशाला ऐकंल? ईतभर पायजे. ईतभरावर पडला की त्येला कळतंय, ह्ये आपल्यालाच हाय. आन् लागत बी न्हाई."

"हे हिला शिकवलं कोणी?"

"मीच. आमच्यात लेकराला शिकवायचं तर बापानं आपला हात भुईवर ठिवायचा. लेकरानं लांबून ढेकूळ टाकायचं, हाताच्या ईतभर म्होरं. बापाचा हात हाय म्हणल्यावर लेकरू नेम सोडत न्हाई." त्यांनी डाव्या हाताचा अंगठा दाखवला. नख वाकडं उगवलेलं होतं. "ह्यो थोरल्या पोराचा परसाद. रेणीचा एक बी लागला न्हाई."

मी डिकीतून वही काढली आणि बांधावरच उघडली. प्रत्येक चेंडू कुठून गेला ते दाखवायला आम्ही एक चौकट आखतो आणि त्यात ठिपके देतो. चौकटीत पडले ते मोजायचे, बाहेरचे सोडून द्यायचे. बाहेरच्या ठिपक्यांकडे मी दोन वर्षांत कधी नीट बघितलंच नव्हतं. आता बघितलं. पान उलटलं, पुन्हा बघितलं. दर पानावर रेणुकाचे सगळे ठिपके एकाच जागी, रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातील इतके जवळ पडलेले होते. चौकटीच्या बाहेर, वीतभर.

इतकी अचूक पिचर मी आयुष्यात बघितली नव्हती आणि त्याचा पुरावा माझ्याच अक्षरात, माझ्याच वहीत होता. लाजेने कान तापले.

रेणुका जवळ आली तेव्हा मी तिला ते ठिपके दाखवले. ठिपक्यांवर बोट ठेवून ती म्हणाली, "मला बी कळत नव्हतं मॅडम. मी प्लेटवरच टाकायला बघते. पर म्होरं आरती बसलेली असती, हात आपसूक सरकतोय. तिच्या अंगावर कसा टाकू?"

"अगं, तिच्या हातात ग्लोव्ह असतो."

"ग्लोव्हच्या आत हातच हाय की."

मी वही मिटली आणि विचारलं, "मग मी घाबरतेस म्हणायचे, तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. न्हाई भेत म्हणलं. तुमी परत म्हणायलाव, भिऊ नको."

परत येताना मी स्कूटी अगदी हळू चालवली. दुसऱ्या दिवशी सरावाला रेणुकाला काहीच सांगितलं नाही. तिच्या बोटांना, खांद्याला, मनाला हात लावला नाही. फक्त आरतीला म्हटलं, "बॅटच्या बाजूला हातभर सरकून बस." आरती सरकली. रेणुकाने चेंडू टाकला आणि तो आरतीपासून वीतभर बाहेरून, म्हणजे थेट प्लेटच्या मधून गेला. दुसरा तसाच. तिसरा तसाच. आरती मला म्हणाली, "मॅडम, एवढंच होतं व्हय?"

आमच्या वहीत खोडायला परवानगी नाही. चुकलं तर आडवी रेघ मारून खाली सही करायची आणि कारण लिहायचं. मी प्रत्येक चारवर रेघ मारली आणि लिहिलं, 'आधीचे सगळे शेरे चुकीचे आहेत. मुलगी घाबरत नाही. मला बघता आलं नाही.' सही केली. इतक्या वर्षांत स्वतःविरुद्ध मी पहिल्यांदाच लिहिलं.

चाचणी परभणीला होती. प्रमुख निवडकर्ते बाहेरून आले होते, सगळे त्यांना साहेब म्हणत होते. त्यांनी वही वाचली, चष्मा वर केला आणि माझ्याकडे बघितलं. "मॅडम, दोन वर्षं लिहिता घाबरते. जागा निघाली आणि एकदम घाबरत नाही? आता तुमची निवृत्ती जवळ आली, जाता जाता एक मुलगी बसवून द्यायची, नाही का?"

त्यांचा संशय रास्त होता. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. मी त्यांना मेंढ्यांची गोष्ट सांगितली. कॅचरला सरकवून दाखवते, असंही म्हटलं. ते म्हणाले, "कॅचर सरकवून चार चेंडू मध्ये येतीलही. योगायोग असतो. ती जाणूनबुजून वीतभर बाहेर टाकते, हे मी कशावरून मानू?"

रेणुका पिचरच्या जागेवर उभी होती. बापूराव कुंपणापाशी, डोक्याचं पागोटं हातात घेऊन. मला त्यांचं वाकडं नख आठवलं आणि मी विचार न करता कॅचरचा मुखवटा आणि छातीचं चिलखत चढवलं. ग्लोव्ह घेतला नाही. प्लेटच्या मागे एका बाजूला गुडघ्यावर बसले आणि डावा हात मोकळा, आडवा पुढे धरला. बोटांच्या टोकापासून वीतभरावर प्लेटचा मध्य येईल असा.

साहेब ओरडले, "मॅडम, हात मोडेल."

"डावा आहे," मी म्हटलं. "शेरे मी उजव्याने लिहिते."

रेणुकाने मान हलवली, नको म्हणून. मी मोठ्याने म्हटलं, "रेणुका, दहा टाक."

ती हलेना. तिने कुंपणाकडे बघितलं. बापूरावांनी आपला डावा हात वर केला आणि पंजा उघडून धरला. मग तिने चेंडू घेतला.

पहिला चेंडू आला तेव्हा मी डोळे मिटले, हे कबूल करते. मागच्या जाळीवर आपटल्याचा आवाज झाला आणि बोटांच्या टोकांना वारा लागला. दुसऱ्याला डोळे उघडे ठेवले. चेंडू मोठा होत होत येतो, मग एकदम नाहीसा होतो आणि बोटांना वारा लागतो. तिसरा, चौथा. पाचव्यानंतर भीती गेली आणि मी फक्त बघत राहिले. एवढं आयुष्य मैदानावर गेलं, पण चेंडू इतक्या जवळून, इतक्या विश्वासाने मी कधी बघितला नव्हता. दहा वेळा वारा लागला. दहाही वेळा तेवढाच.

उठताना माझे गुडघे वाजले. साहेब प्लेटपाशी आले. त्यांनी माझा हात आपल्या हातात घेऊन उलटा-सुलटा करून बघितला, मग वाकून आपली वीत जमिनीवर टेकवून अंतर मोजलं. आणि पलीकडे जाऊन रेणुकाला विचारलं, "बेटा, बूट कितव्या नंबरचे लागतात? वसतिगृहात सांगावं लागेल."

मी मुखवटा काढून तिच्याकडे गेले. तिचा चेहरा घामाने डबडबला होता आणि ओठ पांढरे पडले होते. दोन वर्षांत मी तिला असं एकदाही बघितलं नव्हतं. मी म्हटलं, "अगं, काय झालं?"

"आज भेले मॅडम," ती म्हणाली. "तुमचा हात होता."

वसतिगृहाचा पत्ता आता मला पाठ आहे. तिथल्या शिक्षकांना मी पहिल्याच दिवशी फोन करून सांगितलं की तिच्या हाताला काही करू नका, कॅचरला सरकवा. माझी ती वही शाळेत जमा आहे. तिच्यातल्या शेवटच्या पानावर नियंत्रणाच्या रकान्यात दहा आहेत आणि खाली माझा नोकरीतला शेवटचा शेरा आहे. 'आज मुलगी घाबरली होती.'